पॉम्पेई बघून आलात? आता कल्याण बघा!

मंडळी, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं पॉम्पेई बघायला आपल्याकडचेही बरेच जण जातात. तिथल्या एका घरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती एक मूर्ती जालन्याच्या भोकरदनलाही मिळालीय.

रोमशी चालणाऱ्या या व्यापारातलं एक बंदर म्हणजे आपलं कल्याण! त्याच शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात ते ‘कॅलिएना’ नावाने येतं. कान्हेरीच्या शिलालेखांतही कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं कोरलेली आहेत.

पॉम्पेई राखेने जपलं. आपलं कल्याण मात्र टॉवरच्या पायाखाली चाललंय. पाया खणताना जुनी खापरं, नाणी निघाली तर डंपरमध्ये जाऊ देऊ नका. जिल्हाधिकारी कार्यालयाला, पुरातत्त्व खात्याला कळवा.