आई कोण, हे ठरवायचे कोणी?

मुलुंडची कॉलनी, चेंबूरची छावणी, ठाण्याची कोपरी आणि पलीकडचे उल्हासनगर ही नावे आपल्या रोजच्या ऐकण्यातली. १९४७ नंतर सिंधमधून उखडून आलेल्या माणसांनी येथे नवे संसार मांडले. त्यांच्या कष्टांची कथा आपण पुष्कळदा ऐकतो. फाळणीचा दुसरा एक हिशेब मात्र सहसा कोणी काढत नाही. पंजाबात हिंसेचा वणवा सिंधपेक्षा कितीतरी मोठा होता, आणि तेथे घरांबरोबर बायका-मुलेही पळवली गेली. त्यांतील मूल कोणाचे, हे पुढे सरकारांनी ठरवले. ते कसे ठरवले, एवढेच आज पाहू.

पळवलेल्या माणसांना परत आणण्याचे दोन्ही देशांनी डिसेंबर १९४७ मध्ये मान्य केले. १९४९ साली आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला. १ मार्च १९४७ पूर्वी जी मुसलमान होती आणि त्यानंतर १ जानेवारी १९४९ च्या आत आपल्या माणसांपासून तुटून परक्यांच्या ताब्यात सापडली, अशी कोणत्याही वयाची स्त्री आणि सोळा वर्षांखालील मुलगा त्या कायद्याने 'अपहृत' ठरे. अशा स्त्रीला मागाहून झालेले मूलही तसेच. धर्म पाहिला, तारखा पाहिल्या. तिची इच्छा काय, हा प्रश्न व्याख्येत नव्हता.

एक दाखला घेऊ. जून १९५१ मध्ये पोलिसांनी अकरा-बारा वर्षांची एक मुलगी एका शीख घरातून उचलून जालंधरच्या छावणीत ठेवली. कागदोपत्री तिची दोन नावे होती, एक मुसलमानी व एक शीख. तिला पाकिस्तानात आप्तांकडे धाडावे, असे चौकशीत ठरले. पण जाण्यास ती राजी नव्हती. प्रकरण न्यायालयात गेले. पंजाब उच्च न्यायालयाने कायदाच घटनाविरोधी ठरवला. १० नोव्हेंबर १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध मानला. परंतु निवाडा करणारे न्यायाधिकरणच रीतसर नेमलेले नव्हते, म्हणून तिची सुटका कायम राहिली. आई कोणती, याचे उत्तर निकालात नाही.

येथे घाई करून बाजू घेणे सोपे आहे. दंगलीच्या वेळी ही मुलगी सात-आठ वर्षांची असावी. त्याहून लहान मुले तर जुने घर, बोली, आईचा चेहरा सारेच विसरून जातात. खाऊ घालणारी तीच आई, एवढेच त्यांना कळते. पण त्या विसरण्याचा फायदा पळवणाऱ्यालाही मिळतो! जितके दिवस लोटतील, तितका त्याचा हक्क पक्का. पलीकडे जन्मदात्री वाट पाहत असेल, तर तिने काय करावे? यशोदा आणि देवकी दोघींनाही आई म्हणणाऱ्या आपल्या देशालाही हा प्रश्न सोपा नव्हता.

लाहोरात मृदुला साराभाईंच्या हाताखाली हे काम केलेल्या कमळाबेन पटेल यांनी आपल्या गुजराती आठवणींत याची दुसरी बाजू नोंदली आहे. परत पाठवायच्या स्त्रीचे तान्हे मूल बापाकडेच ठेवावे, असा विचार वरच्या पातळीवर चालला होता. ज्यांना त्या आयांचे चेहरे रोज पाहावे लागत, त्या कार्यकर्त्यांनी विरोध केला. अखेर तडजोड निघाली: आईने मूल घेऊन जालंधरला यावे आणि पंधरा दिवसांत काय ते ठरवावे.

पंधरा दिवस! आयुष्याच्या फैसल्याला ही मुदत काय पुरणार? तरीही कोणीतरी त्या बाईला प्रथमच विचारले होते. आम्ही तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत काढली. ज्याच्यावर करार होतो त्याला सहीपूर्वी विचारावे, एवढे एकच शहाणपण तेथे शिकलो. दोन्ही बाजूंची मिळून सुमारे तीस हजार माणसे त्या काळात इकडून तिकडे गेली. कायदा १९५७ मध्ये संपला. कितीजणींना आपली माणसे खरोखर परत मिळाली असतील. पण ज्यांना कोणी विचारलेच नाही, त्यांचाही हिशेब आपल्या स्वातंत्र्याच्या वहीत मांडला पाहिजे.