बाघची चित्रे, ग्वाल्हेरच्या नकला

पाहुणे आले की आधी किल्ला आणि मग त्याच्या पायथ्याशी असलेला गूजरी महाल, हा आपला ग्वाल्हेरकरांचा ठरलेला क्रम. तिथल्या संग्रहालयात शालभंजिकेपुढे सगळे थांबतात. बाघ लेण्यांच्या रंगीत नकलांवरून मात्र आपली नजर भराभर पुढे सरकते. त्या नकलांविषयी थोडे लिहावे असे आम्हांस वाटले.

बाघ आज धार जिल्ह्यात आहे. तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानात होते. तिथला दगड मऊ आणि सतत ओल धरणारा. चौथ्या लेण्याला, म्हणजे रंगमहालाला लागून असलेल्या ओसरीच्या भिंतीवर रडणारी स्त्री आणि तिची सखी, फेर धरून नाचणाऱ्या बायका, घोडेस्वार आणि हत्तींची मिरवणूक अशी चित्रे होती. ती डोळ्यांदेखत पुसट होत चालली होती. माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे होते. १९२१ च्या सुमारास खात्याने चित्रकारांना बाघला पाठवले. त्यांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर होते, तसेच भोंसले, आपटे, भांड आणि जगतापही होते. पहिल्या तिघांची नावे कलेच्या पुस्तकांत आली. आपल्या मंडळींची क्वचितच येतात. (हा मराठी माणसाचा जुनाच अनुभव!)

तेव्हाचा कॅमेरा सहसा काळेपांढरेच टिपत असे. रंग हवा तर कुंचलाच हवा. पापुद्रे गेलेल्या भिंतीवर रेषा कुठली आणि ओलीचा डाग कुठला, हे चित्रकाराने पाहून ठरवायचे. पुढे १९२७ साली लंडनच्या इंडिया सोसायटीने बाघवर ग्रंथ काढला, त्यात गर्दे यांचेही लेखन आहे. नंतर उरलीसुरली चित्रे भिंतीवरून उतरवून घ्यावी लागली. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी तिथे काय दिसत होते, हे जाणायला या नकलाच मोठा आधार आहेत.

पण कागदही कायमचा नसतो. अजिंठ्याच्या रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक नकला १८८५ मध्ये तशाच गेल्या. म्हणून स्कॅनिंग हवेच. आता संगणकावर एका थरात आजच्या भिंतीचा फोटो, दुसऱ्यात १९२१ ची नकल आणि तिसऱ्यात विद्यार्थ्याने स्वतः काढलेली रेषा, असे ठेवता येते. तिसरा थर कधीही पुसता येतो, मूळाला धक्का लागत नाही. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्या सरकारी नोकरालाही ही सोय कळते.

मात्र यंत्र रिकामी जागा शेजारच्या रंगाने भरून टाकते, आणि डागालाही रंग समजते. ज्या मुलाने चुन्याच्या गिलाव्यावर एकदा तरी हाताने रंग लावून पाहिला आहे, त्यालाच यातला फरक कळेल. आपल्या शहरातील कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांना आधी कागद-पेन्सिल घेऊन त्या दालनात बसवावे, टॅब्लेट नंतर हातात द्यावा.