किंचाळणारा पट्टा, मुका पट्टा

द्रुतगती महामार्ग होण्याआधी उन्हाळ्यात मुंबईहून पुण्याला मोटारीने गेलेल्यांना खंडाळ्याचा घाट आठवत असेल. बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या आणि पाण्याचा डबा शोधणारी कुटुंबं! इंजिन धडधाकट असलं, तरी दगा पुष्कळदा दोन साध्या रबरी वस्तू देत: फॅन बेल्ट आणि रेडिएटरचा होज पाइप.

या रबराची गोष्ट मोटारीपेक्षा जुनी आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत कडक. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना आढळलं, की गंधक मिसळून तापवलेलं रबर दोन्ही ऋतूंत लवचीक राहतं. १८४४ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. पण या रबरालाही उष्णता, तेल आणि हवा हळूहळू खातातच. मोटारीच्या बॉनेटखाली तर हे तिन्ही शत्रू एकत्र नांदतात.

सुरुवातीच्या मोटारींमध्ये पंख्याला सपाट पट्टा असे. फोर्डच्या मॉडेल टीमध्येही तोच होता. तो ढिला झाला की घसरे. १९१७ मध्ये डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी पाचरीच्या आकाराचा रबरी पट्टा तयार केला. कप्पीच्या खाचेत तो ताणाने आणखी रुतून बसतो, म्हणून पकड घट्ट राहते.

आपल्याकडच्या जुन्या फियाटमध्ये असा एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो फिरवी. तो तुटला की बॅटरी चार्ज होणं थांबे आणि इंजिनही तापे. पण त्याचा एक मोठा गुण होता. ढिला झाला, झिजला की तो किंचाळे. जाणता ड्रायव्हर त्या आवाजावरून ओळखे, अंगठ्याने दाबून ताण पाही आणि डिकीतला जादा पट्टा काढी.

पुढे पट्टे सुधारले. १९३१ मध्ये ड्युपाँट कंपनीने तेलाला आणि उष्णतेला दाद न देणारं कृत्रिम रबर जाहीर केलं, तेच पुढे निओप्रीन. १९६२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या ग्लास कंपनीने आपल्या मोटारीच्या इंजिनात साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा बसवला. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० बरोबर असा टायमिंग बेल्ट आपल्या मध्यमवर्गाच्या दारात पोचला.

इथे एक गोष्ट बदलली, मंडळी. दात असलेला पट्टा घसरत नाही, म्हणून सहसा किंचाळतही नाही. तुटतो तो अचानक. फॅन बेल्ट तुटला तर वेळीच गाडी थांबवून प्रवास वाचवता येई. टायमिंग बेल्ट तुटला तर इंजिन जागीच बंद पडतं आणि अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून ते वाकतात. मग शेकड्यांतला खर्च हजारांत जातो. बाहेरचे पट्टेही आता अशा रबराचे असतात, की झिजले तरी त्यांवर पूर्वीसारख्या भेगा चटकन दिसत नाहीत.

होज पाइप तर पहिल्यापासूनच मुका. तो पुष्कळदा आतून कुजतो. बाहेरून काळाभोर, तुळतुळीत! इंजिन थंड असताना क्लॅम्पजवळ दाबून पाहावा. भुसभुशीत लागला, फुगलेला दिसला तर बदलावा. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नये. आतलं पाणी दाबाखाली असतं, उसळून अंगावर येतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींची मुदत संपली. त्यांच्याबरोबर कानाने गाडी सांभाळण्याची एक पिढीही रस्त्यावरून उतरली. आजच्या पट्ट्यांचं आयुष्य पूर्वीपेक्षा जास्त आहे, पण ते हाक मारत नाहीत. म्हणून गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी आणि पट्टा किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा ते पाहावं. ‘गाडी फारशी चालवलीच नाही’ ही सबब चालत नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं.