चार खुर्च्यांचं टेबल आणि पाचवं माणूस

जेवणवेळ झाली की पूर्वी घरात हाक यायची, 'पाटपाणी घ्या!' मग पाट मांडले जायचे, तांब्या-भांडं यायचं, सणाचा दिवस असला तर पानाभोवती रांगोळीची महिरप. मानाच्या पाहुण्याचं ताट चौरंगावर. माणसं वाढली तर रांग लांबवायची. माजघर संपलं की ओसरी, ओसरी संपली की अंगण. ऐन वेळी आलेल्या पाहुण्यासाठी दोघांनी चार बोटं सरकून घेतलं की झालं. त्यामुळे 'किती माणसं बसतील?' हा प्रश्न पंगतीला फारसा पडला नाही. तिला पडायचा तो वेगळाच प्रश्न, आणि तो फार कठोर होता. कुणाच्या शेजारी कोण बसणार?

'पंक्तिप्रपंच' हा शब्द आजही आपण वाढण्यातल्या दुजाभावासाठी वापरतो. त्यामागचा इतिहास मात्र साजूक तुपाच्या कमी-जास्त धारेपुरता नाही. कुणाच्या पंक्तीला बसलात यावर तुमची जात ठरे आणि जाईही. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मानायचा नाही हा तिचा निर्धार, पण सभा चालायची गुप्तपणे. तिथे सदस्याची कसोटी काय, तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खाणं! एका पावाच्या तुकड्यासाठी दारं लावून घ्यावी लागत, यावरून बाहेरच्या पंगतीचा धाक लक्षात यावा.

पुण्याचं पंचहौद मिशनचं चहापान तर प्रसिद्धच आहे. १८९० च्या ऑक्टोबरात मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गावात वादळ उठलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी झाली, प्रायश्चित्तं झाली. कपभर चहानं एवढं रामायण!

पुढे १९३० नंतर रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनं घडवली. तिथेही माणसं एकाच पंक्तीत बसली. नांदेडच्या गुरुद्वारात लंगरमध्ये जमिनीवर जी रांग बसते, तिलाही पंगतच म्हणतात, आणि तिथे राजा-रंक सारखेच. म्हणजे दोष जमिनीवर बसण्याचा नव्हता. रांग कोण लावतो आणि कशी लावतो, याचा होता.

टेबल आलं ते बाहेरून. १५३४ मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ पर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. आजच्या मीरा-भाईंदरमधला घोडबंदरचा किल्ला आणि उत्तन-डोंगरीची धारावी बेटाची बाजू ही त्याच मुलखातली. खाडीच्या या काठावर पाव आला, चर्च आलं आणि गोऱ्या अंमलदारांचं टेबलही. पोर्तुगीज भाषेत टेबलक्लॉथला 'तुआल्या द मेझा' म्हणतात. त्यातला 'तुआल्या' कोकणीत 'तुवालो' झाला आणि टेबलावरून उतरून अंघोळीच्या दोरीवर जाऊन बसला. आपला 'मेज' मात्र फारसीतला, त्यावरचा 'मेजपोश'ही फारसीच, 'पलंगपोसा'चा सख्खा भाऊ.

साहेबाच्या बंगल्यातलं टेबल सामान्यांना पाहायलाही मिळत नव्हतं. सामान्य मुंबईकर टेबलाशी बसला तो इराण्याच्या हॉटेलात. संगमरवरी टेबल, त्याभोवती चार खुर्च्या आणि समोर अनोळखी माणूस. त्याची जात कोण विचारणार? खुर्ची रिकामी दिसली की बसायचं. सुधारकांनी जे भाषणांनी साधायचा प्रयत्न केला, त्यातला बराचसा भाग या टेबलांनी न बोलता केला, असं मला वाटतं.

घरात टेबल यायला मात्र आणखी काळ गेला. १९८५ मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली आणि २००२ मध्ये महानगरपालिका. मधल्या काळात मिठागरांच्या या गावांत इमारती उभ्या राहिल्या. गिरगाव, लालबागच्या चाळींतून कितीतरी कुटुंबं इथे आली. चाळीत पूजेची पंगत गॅलरीत बसे. ब्लॉकमध्ये गॅलरी नाही, हॉल दहा फुटी. ओसरी-अंगणाचा प्रश्नच मिटला. मग आलं चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल, आणि त्यावर मीटरवर कापून आणलेलं फुलाफुलांचं प्लास्टिक.

लग्नाच्या हॉलनं वेगळीच तडजोड केली. लांबलचक अरुंद टेबलं, माणसं एकाच बाजूला, समोरून वाढपी फिरणार, आणि टेबलक्लॉथ म्हणून पांढऱ्या कागदाचा रोल सरसर उलगडायचा. ही पंगतच. फक्त तिला पाय फुटले! पुढे बुफे आला आणि गोल टेबलंही आली. पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठ जण मजेत बसतात. त्याचं कापड जमिनीपर्यंत सोडायचं तर टेबलाची उंची अडीच फूट धरून दहा फूट व्यासाचं लागतं.

घरचं गणित याहून साधं आहे, पण दुकानात ते कुणी सांगत नाही. एका माणसाला कडेची दोन फूट जागा हवी. चार फूट बाय अडीच फूट टेबलावर चौघं बसतात, पण अडीच फुटी रुंदीत दोन्ही बाजूंची ताटं मांडली की मध्ये आमटीच्या पातेल्याला जागा राहत नाही. ही मापं बशीभर जेवणाऱ्यांची. आपल्या ताटात वाट्या, शिवाय भाताचं भांडं, पोळ्यांचा डबा. मग भांडी ओट्यावर राहतात आणि वाढायला कुणीतरी उभं राहतं.

कोण, ते सांगायला नको. पंगतीच्या काळी आधी पुरुष, मग मुलं आणि शेवटी उरलंसुरलं घेऊन बायका बसत. टेबलानं जातीचा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवला असेल. हा मात्र तसाच आत आणला. घरात माणसं पाच आणि खुर्च्या चार. त्यातून टेबल भिंतीला चिकटवलेलं, म्हणजे खुर्च्या तीनच. 'तुम्ही बसा, मी मागाहून बसते' हे वाक्य माजघरातून थेट सातव्या मजल्यावर आलं. म्हणून टेबल घ्यायला जाताना माणसं मोजाल, तेव्हा रांधणारीला आधी मोजा आणि तिच्यानंतर एक खुर्ची पाहुण्याची.

पाच-सहा जणांना पाच फूट बाय तीन फूट टेबल पुरतं. मध्ये भांडी मावतात आणि सगळ्यांना एकदम बसता येतं. त्यावरचं कापड चारी बाजूंनी नऊ इंच खाली सुटावं. त्याहून लांब सोडलं की गुडघ्यात अडकतं, आणि घरात रांगतं मूल असेल तर आमटीसकट खाली येतं. छत्तीस इंच रुंदीत दोन्हीकडचे नऊ-नऊ मिळवले की चौपन्न. चौपन्न इंची पन्ह्याचं कापड बाजारात मिळतं, लांबीला दोन मीटर घ्या, जोड लावावा लागत नाही. सुती असेल तर आधी भिजवून घ्या, आटतं. आणि जागेची काळजी असेल तर तेही मोजून पाहा. टेबल तीन फूट, दोन्हीकडे खुर्च्या मागे ओढायला अडीच-अडीच फूट, झाले आठ. दहा फुटी हॉलमध्येही कडेनं दोन फुटांची वाट उरते.