पांगाऱ्यावरील सुतार

अमेरिकेंत हमिंगबर्ड पांखरांसाठीं परसांत टांगलेल्या साखरपाण्याच्या बाटल्यांवर सुतारपक्षीही ताव मारतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. मला वाटलें नाहीं. सांताक्रूझला आमच्या परसांत बाटली कधींच नव्हती, पांगारा होता. फाल्गुनांत तो निष्पर्ण होऊन लालभडक फुलला, म्हणजे शिंजीर, साळुंक्या व कावळे यांच्या गर्दींत सोनपाठी सुतारही फुलांत चोंच खुपसून बसे. कवटीच्या मागून वळसा घेऊन आलेली त्याची लांब जीभ मुंग्यांच्या बिळांत शिरते, तशीच फुलांतही शिरते.

सालिम अली यांनीं १९३२ सालीं बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत हिंदुस्थानांतील पुष्पपक्षी व पक्षिपुष्पें यांवर दीर्घ निबंध लिहिला. (त्यांजपाशीं विद्यापीठाची पदवी नव्हती, हें आम्हां प्राध्यापकांनीं ध्यानांत ठेवावें.) फुलांवर येणारीं पांखरें निव्वळ लुटारू नव्हेत, परागही वाहतात, हा त्यांतला मुद्दा. पुढें त्यांच्या ग्रंथांत सोनपाठी सुताराच्या आहारांत मुंग्यांच्या जोडीला मकरंदाचीही नोंद झाली.

आमचा पांगारा शेजारची इमारत उठतांना गेला. तिच्या एका सज्जांत आतां साखरपाण्याची बाटली लोंबते. शिंजीर कधींमधीं येतो. सुतार येत नाहीं. त्याला घरट्यासाठीं पोखरावयास वठलेलें खोड लागतें, आणि तसलें झाड आमच्या गल्लींत कोणी उभें राहूं देत नाहीं.