नाण्याची चूक आणि नाण्याचं आयुष्य

जुन्या नाण्यांना हल्ली भलतेच बरे दिवस आले आहेत. देव्हाऱ्यातल्या डबीतून एखादं वाकडंतिकडं नाणं निघतं आणि घरात चर्चा सुरू होते, "टाकसाळीची चूक दिसते, लाखाचा माल असेल!" आयुष्यभर इतिहास शिकवला म्हणून अशी नाणी लोक माझ्याकडेही आणतात. मी एकच प्रश्न विचारते : ही खूण नाणं पाडताना झाली, की नंतर?

उत्तर बहुतेक वेळा नाण्यावरच असतं. ठशाला चीर गेली, तर पाडताना धातू त्या चिरेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा मात्र खोल असतो. बोट फिरवलं तरी फरक कळतो. कधी पाडलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र येतं, एकीकडे सुलट आणि उठावदार, दुसरीकडे उलट आणि खोलगट. ही खरी टाकसाळीची चूक. पण दोन नाणी एकमेकांवर ठेवून शेगड्यात दाबली, तरी तसा देखावा करता येतो. म्हणून नाणं पालथं करून पाहावं. मागची बाजू चेपलेली असेल, तर तिथे कुणाचा तरी उद्योग आहे!

आता भोकाचं बघा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली आणि 1943 साली भोकाचा पैसा निघाला. त्याचं भोक मधून सरकलेलं असेल, तर चूक टाकसाळीची. पण राणीछाप रुपयाला भोक असेल, तर ते गळ्यात घालण्यासाठी कुणीतरी पाडून घेतलेलं. त्याला चूक कशी म्हणायची?

आणि शिवराई? एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण ही सगळी अक्षरं पूर्ण दिसतील अशी शिवराई क्वचितच मिळते. तांब्याची चकती लहान, ठसा मोठा, आणि काम हातोड्याचं. घाव जिथे बसेल तेवढीच अक्षरं उमटणार. पुढे ही नाणी अनेक टाकसाळींत पाडली गेली, तेव्हा कुठे 'शिव', कुठे 'सिव'. आमच्या शाळेत शुद्धलेखनाला गुण कापले असते, पण बाजारात त्या नाण्याला कुणी अडवलं नाही. लोक अक्षरं नव्हे, तांबं बघत.

मला वाटतं, चूक ठरायला आधी नियम लागतो. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारने एकसारखा रुपया आणला, यंत्रं एका मापाची नाणी पाडू लागली, आणि मगच 'हे नाणं चुकलं' म्हणण्याला अर्थ आला. शिवराईला यंत्राची पट्टी लावणं म्हणजे ओवीत व्याकरण तपासण्यासारखं आहे.

तेव्हा घरातलं नाणं चिंचेने घासू नका, त्याचा मूळ रंग जातो. लाखाच्या आशेने कुणाच्या हातीही देऊ नका. त्याच्यावरची झीज, भोक, पोचा ही टाकसाळीची चूक नसेलही. पण ते नाणं किती हातांतून गेलं, कुणाच्या गळ्यात होतं, हे त्यावरूनच कळतं. त्याची किंमत बाजारात ठरत नाही.