उधन्याचा आउटर आणि मेनफ्रेमचं कार्ड

बसलो होतो ताप्ती लाइनवर लिहायला, पण गाडी वळली ती माझ्या नोकरीकडे. दोन्हींचा संबंध आहे, जरा सांभाळून घ्या.

आपल्यातल्या बहुतेकांचे आईवडील नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगावकडून याच लाइनने सुरतेला आले. १९०० च्या सुमारास सुरू झालेली ही लाइन उधन्याला मुंबईच्या मोठ्या लाइनला मिळते. २०१८ मध्ये दुहेरीकरण पुरं होईपर्यंत ती बरीचशी एकेरी होती. त्यामुळे भुसावळ पॅसेंजर आउटरला उभी राहायची. समोर उधना स्टेशन दिसतंय, फलाट मोकळा आहे, हमाल निवांत बसलेत, आणि आपण डब्यात भरताच्या वांग्यांची पिशवी मांडीवर घेऊन घामाघूम. वडील चिडून म्हणायचे, "स्टेशन एवढं मोठं बांधलं, आत यायची वाट मात्र एकच!"

२००४ मध्ये मी मुंबईला एका मोठ्या बँकेच्या संगणक केंद्रात होतो. बँकेचं नाव नको. शनिवारी रात्री उधन्याला यायचं आणि सोमवारी पहाटे फ्लाइंग राणीच्या डबल डेकर डब्यात डुलक्या घेत परत जायचं, असा क्रम होता.

नव्या मुलांसाठी सांगतो. मेनफ्रेम म्हणजे हजारो माणसांचं काम एकाच वेळी ओढणारं कपाटाएवढं मशीन. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० जाहीर केलं, तो या घराण्याचा मूळपुरुष. आपल्याकडे १९७८ मध्ये आयबीएम देश सोडून गेली, तेव्हा तिची मशीनं सांभाळायचं काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. माझ्या पहिल्या साहेबांची पिढी त्या मशीनांवरच घडली. पुढे आयबीएम परत आली आणि आमच्या हॉलमध्ये तिचं नवं मशीन उभं राहिलं. आम्ही बूट काढून आत जायचो.

आता मूळ गोष्ट. पगाराच्या आठवड्यातला सोमवार होता. दहा वाजले आणि शाखांमधले फोन सुरू झाले. काउंटरवरच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात फुली आणि घड्याळाचं चिन्ह, म्हणजे "थांबा". एरवी दोन सेकंदांत येणारं उत्तर यायला मिनिट लागत होतं. दुपारी घरून आईचा फोन. ती उधन्याच्या शाखेत टोकन घेऊन दीड तास बसली होती, बरोबर लूम कारखान्यांतली माणसं, अर्ध्या दिवसाचा खाडा करून आलेली. "तुमनं मशीन झोपी गयं का रे?" असं तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

साहेबांचं निदान तयार होतं: मशीन लहान पडतंय, मोठा प्रोसेसर घ्या. म्हणजे कोटींचा खर्च. दुसरं निदान त्याहून सोपं होतं. आदल्या रात्री, रविवारी, नेटवर्कमध्ये बदल झाला होता आणि तो करणारा ऑपरेटर कंत्राटी होता. लिंबायतचा, आपलाच खान्देशी पोरगा. त्यानेच काहीतरी केलं असणार!

मी आकडे काढले. प्रोसेसर चाळीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मशीन अर्धंअधिक रिकामं. डिस्कही ठणठणीत. हॉलमधल्या थेट जोडलेल्या टर्मिनलवर तोच व्यवहार केला तर उत्तर चुटकीसरशी येत होतं. म्हणजे उशीर आत नव्हता, वाटेत होता. टेलिफोनच्या लाइनी म्हणाव्यात, तर गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक सगळीकडे एकदमच त्रास. सगळ्यांची वाट जिथे एक होते ती जागा कोणती? मशीनला बाहेरच्या जगाशी जोडणारं नेटवर्क कार्ड. मला एकदम आउटर आठवला.

पण कार्डाचा अहवाल सांगत होता, वापर अठ्ठावन्न टक्के. साहेब म्हणाले, "बघ, जागा आहे की." इथे मी दोन तास फुकट घालवले. मग लक्षात आलं की तो आकडा पंधरा मिनिटांची सरासरी आहे. पुढे २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीने सुरत बुडवली, तेव्हा सरासरी पावसाचं कौतुक कुणी केलं नाही. मोजणीचं अंतर एक मिनिटावर आणलं, आणि चित्रच पालटलं: सात-आठ मिनिटं पंच्याण्णवच्या वर, मग काही मिनिटं वीसच्या खाली, पुन्हा पंच्याण्णव.

पंच्याण्णव टक्के म्हणजे पाच टक्के शिल्लक, असं आपल्याला वाटतं. रांगेचा हिशेब तसा नसतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ पासून हे गणित मांडलं. त्यातल्या सगळ्यांत साध्या सूत्राने, वाट अर्धी भरली की लागणारा वेळ दुप्पट होतो, ऐंशी टक्क्यांना पाचपट, नव्वदला दहापट आणि पंच्याण्णवला वीसपट. वर उत्तर वेळेत पोहोचलं नाही की तेच पाकीट पुन्हा पाठवलं जातं, म्हणजे गर्दीत आणखी गर्दी. सकाळी दहाला तत्काळ तिकिटासाठी आपण सगळे बोट ठेवून बसतो तेव्हा दुसरं काय होतं? रेल्वेने २०१४ मध्ये ऑनलाइन यंत्रणा बदलून मिनिटाला २००० तिकिटांची ताकद ७२०० वर नेली, ती याच दुखण्यापायी.

आमच्याकडे कार्डं दोन होती, प्रत्येकी सेकंदाला १०० मेगाबिटचं. दुसऱ्याचा आकडा पाहिला तर एक टक्का. ते रिकाम्या फलाटासारखं पडलेलं होतं. बाहेर जाणारं सगळं पहिल्यावरूनच चाललं होतं, आणि त्याच वाटेने रात्रीच्या फाइलींची दुसऱ्या केंद्रात जाणारी नक्कल दहा वाजले तरी संपली नव्हती. ती तुकड्यातुकड्यांनी जायची, म्हणून मधली काही मिनिटं मोकळी दिसत होती.

रविवारच्या बदलाचा कागद काढला. बाहेरची वाट दोन्ही कार्डांवर टाका, असं त्यात हवं होतं. एकाच कार्डाचं नाव होतं. कागद माझ्या अक्षरातला होता.

पोराला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, कागदवर जसं लिखेल व्हतं, तसंच करं मी."

त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून दुरुस्ती केली. नक्कल दुसऱ्या कार्डावर टाकली आणि ती पहाटेच संपेल अशी वेळ बांधली. मंगळवारी दहा वाजता उत्तर पुन्हा दोन सेकंदांत. नवा प्रोसेसर लागला नाही. बुधवारी मी साहेबांना लेखी दिलं की चूक माझी. सोमवारी निदान हाती लागताच द्यायला हवं होतं. दीड दिवस मी कशाची वाट पाहिली, ते मला माहीत आहे. तोवर ठेकेदाराला निरोप गेला होता आणि महिनाअखेर त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. मी दोनदा बोलून पाहिलं. माझी बढती मात्र वेळेवर झाली.

आज त्याचं लिंबायतला स्वतःचं दुकान आहे, संगणक दुरुस्तीचं, बरं चालतं. गेल्या दिवाळीत उधना स्टेशनवर गावी जाणाऱ्यांच्या तोबा गर्दीत तो भेटला, बायको-मुलांसह. मी ओळखायच्या आधी त्यानेच हात केला. वाकून नमस्कार केला, मुलाला करायला लावला, आणि हसत विचारलं, "दुसरं कार्ड चालू शे ना, भाऊ?"